नाताळ १९४०, कॉव्हेंट्री: प्रेमकथेत क्षमा केव्हा यावी?

कातरवेळ:
सर्वांना नमस्कार. युद्धकाळातल्या नाताळावर बेतलेल्या ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा मी अनेक वर्षे इंग्रजीत आवडीने वाचत आले आहे आणि आता तशीच एक दीर्घकथा मराठीत लिहायला घेतली आहे. ती इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात घडते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर सुमारे ११ तास बॉम्ब टाकले, ५०० हून अधिक माणसे गेली आणि तिथले मध्ययुगीन कॅथेड्रल जळाले. बाहेरच्या भिंती आणि उंच मनोरा तेवढा उभा राहिला.

माझ्या नायिकेचा धाकटा भाऊ त्या रात्री जातो. तिचे लग्न ज्याच्याशी ठरले आहे, त्या तरुणाने श्रद्धेपोटी शस्त्र धरायला नकार दिला आहे आणि न्यायाधिकरणासमोर तसे सांगून तो आता ढिगारे उपसण्याच्या कामावर आहे. भाऊ गेल्यावर तिला त्याचे तोंडही पाहवत नाही. शेवट मी असा लिहिला होता: नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेत चर्चच्या घंटा वाजू लागतात, तिला रडू कोसळते, ती शत्रूलाही आणि त्यालाही क्षमा करते, आणि दुसऱ्याच दिवशी शेजारणींनी कपड्यांची कुपने जमवून शिवलेल्या झग्यात तिचे लग्न लागते. माझ्या मोठ्या बहिणीने हस्तलिखित वाचले आणि म्हणाली, "लग्नाची घाई तुला झाली आहे, तिला नाही." हे वाक्य मनातून जात नाही. तिचे मन केव्हा आणि कशाने वळावे, हे कृपया सांगाल का?

जुना वाचक:
कातरवेळताई, मनाचे उत्तर इतर कोणी देतीलच, मी आधी काळाविषयी लिहितो, कारण तुमचा शेवट ज्या तीन गोष्टींवर उभा आहे, त्यांतल्या दोन त्या नाताळात अशक्य होत्या आणि तिसरीही अवघड होती. जून १९४० पासून इंग्लंडमधल्या चर्चच्या घंटांवर बंदी होती आणि शत्रूचे सैन्य उतरले तरच इशारा म्हणून त्या वाजवायच्या होत्या, त्यामुळे त्या रात्री घंटा ऐकून तुमच्या नायिकेला रडू आले नसते, तिचा थरकाप झाला असता. मध्यरात्रीच्या उपासनेचेही तसेच आहे. चर्चच्या प्रचंड रंगीत खिडक्या काळोखबंदीसाठी, म्हणजे शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून, झाकणे जवळजवळ अशक्य असल्याने ठिकठिकाणी संध्याकाळच्या उपासना दुपारी, उजेड असतानाच उरकल्या जात. आणि कपड्यांचे रेशनिंग १ जून १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हा १९४० च्या डिसेंबरात कुपने नव्हतीच. (याच धर्तीच्या कितीतरी कथांत त्या वर्षीच्या नाताळात अमेरिकन सैनिक नाचताना दिसतात, ते जानेवारी १९४२ मध्ये आले. तुम्ही ती चूक केली नाही, याचा आनंद वाटला.)

अन्नाचे रेशनिंग मात्र होते आणि त्यात तुम्हाला उपयोगी पडेल असा एक तपशील आहे. चहा माणशी आठवड्याला २ औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम मिळे, आणि त्या नाताळच्या आठवड्यापुरता तो दुप्पट केला होता. साखरही ८ औंसांऐवजी १२ औंस दिली होती. विकायच्या केकवर साखरेचा लेप देण्यास ऑगस्टपासून मनाई होती.

पानगळ:
घंटा नव्हत्या, हे तुमच्या कथेचे नुकसान आहे असे मला वाटत नाही. त्या नाताळात कॉव्हेंट्रीत जे खरोखर घडले, ते तुमच्या कल्पनेपेक्षा खोल आहे. कॅथेड्रलचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, रिचर्ड हॉवर्ड यांनी नाताळच्या दिवशी त्या भग्न भिंतींमधून बीबीसीवर भाषण केले. कितीही कठीण असले तरी सूडाचे विचार मनातून काढून टाकण्याचा आम्ही प्रयत्न करत आहोत, असे ते म्हणाले. यातले क्रियापद पुन्हा वाचा. "आम्ही क्षमा केली" असे ते म्हणत नाहीत. ज्यांनी पाच आठवड्यांपूर्वी सामुदायिक दफनविधी पाहिले होते, त्या माणसांच्या वतीने त्यांनी जेवढे खरे होते तेवढेच सांगितले, आणि मला त्यांच्या श्रद्धेचे सर्वांत मोठे बळ या संयमातच दिसते.

त्या प्रसारणात गायले गेलेले गीतही ध्यानात घ्या. "कॉव्हेंट्री कॅरल" हे त्याच शहरातल्या शिंपी आणि लोकरी कापडाच्या कारागिरांच्या संघाच्या जुन्या धार्मिक नाटकातले गीत आहे. हेरोद राजाचे शिपाई ज्यांची बालके मारणार आहेत, त्या बेथलेहेमच्या आया आपल्या बाळांना निजवताना ते गातात. नाताळच्या गोष्टीतच शुभवर्तमानकार मत्तयाने तो आकांत नोंदवून ठेवला आहे, आणि तरीही बहुतेक नाताळकथा गव्हाणीपाशीच थांबतात. नायिकेची आई ते गीत रेडिओवर ऐकते असा प्रसंग लिहिलात, तर नायिकेला एक शब्दही बोलायला लावावा लागणार नाही.

पुढे १९४८ मध्ये त्या भग्न वेदीमागच्या भिंतीवर इंग्रजीतले दोनच शब्द कोरले गेले: "Father Forgive", म्हणजे "बापा, क्षमा कर". येशूच्या वधस्तंभावरच्या प्रार्थनेतला "त्यांना" हा शब्द त्यात मुद्दाम घेतलेला नाही, कारण क्षमेची गरज सर्वांनाच आहे. तुमच्या कथेच्या काळात हा कोरीव लेख नाही, पण लिहिताना तो समोर असू द्या. नायिका नायकाला क्षमा करते, असे तुम्ही लिहिले आहे. मला विचाराल तर त्याने तिचा काही अपराधच केलेला नाही, आणि हे तिला समजणे हाच तिच्या मनाचा खरा प्रवास आहे.

रविवारची शाळा:
पानगळ यांचे म्हणणे पूर्ण पटते. फक्त एवढेच सांगावेसे वाटते की, या प्रकारच्या कथेचा वाचक शेवटी दोघे एकत्र येणार या भरवशावर पुस्तक उघडतो आणि तो भरवसा मोडू नये. म्हणून लग्न होऊ द्या, पण नव्या वर्षात. इंग्लंडच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावे उपासनेत मोठ्याने वाचून कोणाची हरकत आहे का, असे विचारले जाते. आपल्याकडच्या चर्चनाही ही पद्धत परकी नाही. खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, गारठलेल्या चर्चमध्ये पाळक ती नावे वाचून थांबतात आणि मुलगा गमावलेली आई हातमोज्यांत बोटे गुंतवून बाकावर बसून राहते, उठत नाही, हे तीन वेळा घडू द्या. पहिल्या रविवारी नायिका आईकडे पाहते, तिसऱ्या रविवारी तिला पाहावे लागत नाही. लग्नाच्या प्रसंगाला मग दोन पाने पुरतील.

कातरवेळ:
आपणा तिघांचे मनापासून आभार. घंटा, मध्यरात्र आणि झगा काल रात्रीच काढून टाकले. नाताळची दुपार आता घरातच घडते. भाषण आणि गीत संपल्यावर कोणी बोलत नाही, आणि नायक टोपी हातात धरून मागच्या दारात उभा असतो, कारण त्याला आत ये असे अजून कोणी म्हटलेले नाही. आई किटली उचलते आणि मुलाचा कप फडताळातून काढते. त्या आठवड्याच्या जादा साखरेतला एक चमचा त्यात घालते, आणि नायकाकडे न पाहता कप टेबलाच्या त्याच्या बाजूला सरकवते. नायिकेने त्या क्षणी काय करावे ते अजून सुचलेले नाही. सध्या ती दार लावून घेते, कारण बाहेरून थंडी येत आहे.