नुसत्या शाबासकीनं हुरूप टिकत नाही

वर एकांनी लिहिलंय की एकट्यानं चित्रं काढायची तर रोज स्वतःच स्वतःला शाबासकी द्यावी. द्यावी की, पण नुसत्या ‘छान झालं’नं मनाचं समाधान होत नाही. मी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जलरंगात काम करते. कागद वाळला की मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवते, काय साधलं आणि काय राहिलं. परवाच्या कागदामागं आहे: ‘पायरीवरची ओली सावली एका हातात बसली. पाण्यातला हिरवा मळकट.’ बस्स, एवढंच. मन उतरलं की जुना गठ्ठा उलटा ठेवून फक्त या ओळी वाचत जाते. मळकट हिरवा कधी सुटला ते तारखेसकट सापडतं, आणि ती शाबासकी मनाला पटते.

कोल्हापुरात असाल तर टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं बघाच. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, १९३१ साली गेले. कोटितीर्थ तलावाचा तोच परिसर ते पुन्हा पुन्हा रंगवत राहिले, आणि बघायला शेजारी कुणी नसतानाही उजेडाशी त्यांनी कधी तडजोड केली नाही. आधी लांबून बघा, मग जवळ जाऊन पाण्यावरचे फटकारे बघा.