आजोबांचं पायताण नातवाच्या पायात : खरंच परत आलं का?

पेठकरी : आमचे आजोबा कापशीचं पायताण, म्हणजे आपली कोल्हापुरी चप्पल, घालून कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या बघायला जायचे. बोळाच्या तोंडाला करकर ऐकू आली की आजी चहाचं आधण ठेवायची. वडिलांनी पहिल्या पगारात बूट घेतले. पायताण म्हणजे गावंढळपणा, हे त्यांचं ठाम मत. आता पोरगा पुण्यातनं फोन करतोय, "पप्पा, लग्नाला कोल्हापूरच्या चप्पल लाईन बाजारातलाच जोड पाहिजे." माझं म्हणणं, माणूस बापाशी भांडतो, आजोबांशी नाही. म्हणून जुनं एक पिढी सोडून परत येतं.

रंकाळ्याचा वारा : नाही पटलं, दादा. आजोबा रोज घालायचे. पोरगा दोन तास घालणार, फोटो काढणार, मग जोड खोक्यात. 2019 ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं (महाराष्ट्रातले आपले 4 जिल्हे, कर्नाटकातले 4), तेव्हा कुणाला पडली होती? जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानला तसलीच चप्पल दाखवली आणि लगेच सगळ्यांची अस्मिता जागी. परक्यानं उचललं की आपल्याला किंमत कळते, एवढंच.

वेणीवाली : दोघंही घालणाऱ्यांचंच बोलताय. आमच्या घरात पायताण करतात. तुमच्या वडिलांना ते घालायची लाज वाटली, आम्हाला करायची वाटायला लावली. कॉलेजात मी घरचा धंदा सांगत नव्हते, कारण त्यातनं जात कळायची. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा वास कपड्यांना बसायचा, त्यावरनंही बोलणी खाल्ली. त्यात 2015 च्या कायद्यानं बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, कातडं मिळणं अवघड झालं. माझा भाऊ आता कंपनीत आहे, तो काही परत येत नाही. फॅशन फिरून येते हो, कारागीर कुठनं यायचा?

रंकाळ्याचा वारा : ताई, मग माझंच खरं की. ही नुसती हौस.

वेणीवाली : हौस असू दे. हौशी गिऱ्हाईक पैसे तरी देतं. तुम्ही रोज काय घालता, सांगा बघू?

रंकाळ्याचा वारा : …स्पोर्ट्स शूज.

पेठकरी : हाणला की, ताई! जातीचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, ते माझं चुकलं. पोरगा रविवारी येतोय. माप देऊन जोड करून मिळेल का?

वेणीवाली : मिळंल. पण महिना धरून चला. चपलेवरच्या कातड्याच्या वेण्या घालायला आता आई एकटीच आहे.