नव्या विमा प्रतिनिधीने पहिल्या वर्षी किती पॉलिसींची अपेक्षा ठेवावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो आणि पतसंस्थेत दरमहा 22 हजार रुपयांवर नोकरी करतो. आयसी-38 ही विमा प्रतिनिधी होण्यासाठीची परीक्षा मी उत्तीर्ण झालो असून एका आयुर्विमा कंपनीची एजन्सी लवकरच मिळेल. प्रतिनिधी नेमणाऱ्या, कंपनीच्या ज्या विकास अधिकाऱ्यांनी मला या व्यवसायाची वाट दाखवली, ते म्हणतात की सहा महिन्यांत दरमहा पन्नास हजार रुपये सहज मिळू लागतात. पतसंस्थेमुळे ओळखी पुष्कळ आहेत, परंतु ओळखीची माणसे पॉलिसी घेतीलच असे धरून चालणे मला धाडसाचे वाटते. महिन्याला किती पॉलिसी होतील असे समजावे आणि नोकरी केव्हा सोडावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पंचगंगा

विकास अधिकाऱ्यांचा आकडा आधी कागदावर मांडून पाहा. दरमहा पन्नास हजार म्हणजे वर्षाला सहा लाख रुपये कमिशन. पहिल्या वर्षाचे कमिशन सरासरी 25 टक्के धरले, तर त्यासाठी 24 लाख रुपयांचा नवा प्रीमियम आणावा लागेल, आणि आपल्या भागात एका पॉलिसीचा वार्षिक हप्ता 20 हजार रुपये धरल्यास त्या 120 पॉलिसी होतात, म्हणजे महिन्याला दहा. असे करणारे प्रतिनिधी आहेत. पण त्यांच्यामागे बहुधा अनेक वर्षांचे जुने ग्राहक असतात आणि तेच पुढची नावे सुचवतात.

नवख्यासाठी वास्तव माप हवे असेल, तर एलआयसीची विमा सखी योजना पाहा. 9 डिसेंबर 2024 रोजी पानिपत येथे सुरू झालेल्या या योजनेत महिला प्रतिनिधींना पहिल्या वर्षी दरमहा 7 हजार रुपये विद्यावेतन मिळते आणि त्यासाठी वर्षभरात 24 जणांचा विमा व 48 हजार रुपये पहिल्या वर्षाचे कमिशन अशी अट आहे. महिन्याला दोन पॉलिसी आणि पॉलिसीमागे सरासरी दोन हजार रुपये, एवढीच अपेक्षा खुद्द महामंडळ ठेवते. आपण महिन्याला दोन ते तीन पॉलिसी धराव्यात, असे माझे मत आहे, आणि त्यातही पहिल्या तिमाहीत नातेवाईक व मित्रांमुळे आकडा फुगलेला दिसेल. तो आपला वेग मानू नका. चौथ्या-पाचव्या महिन्यात, जेव्हा ओळखीची यादी संपलेली असते, तेव्हा जे होते तो खरा वेग.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. ग्राहकाने मासिक हप्ता निवडला, तर कमिशनही महिन्याच्या हप्त्याप्रमाणेच येते. त्यामुळे वीस हजारांची पॉलिसी झाली म्हणून पाच हजार रुपये हातात आले, असे होत नाही. ऑक्टोबर 2024 पासून सरेंडर मूल्याचे (पॉलिसी मुदतीआधी बंद केल्यास परत मिळणाऱ्या रकमेचे) नवे नियम लागू झाल्यावर कंपन्यांनी पहिल्या वर्षाच्या कमिशनमध्येही फेरबदल केले आहेत, तेव्हा सध्याचा तक्ता शाखेतून लेखी घ्यावा. जुन्या प्रतिनिधींचे तोंडी आकडे त्या आधीचे असू शकतात.

हडपसरचा सल्लागार

वरील हिशेब योग्य आहे. मी फक्त आरोग्यविम्याची भर घालतो. आयुर्विम्याच्या एजन्सीसोबत आपण एका सर्वसाधारण विमा कंपनीची आणि एका स्वतंत्र आरोग्यविमा कंपनीची एजन्सीही घेऊ शकता. आयुर्विम्यात पहिल्या वर्षाचे कमिशन मोठे आणि नूतनीकरणाचे लहान असते, तर आरोग्यविम्यात दोन्ही वर्षी साधारण सारखेच, बहुतेक ठिकाणी 15 टक्क्यांच्या आसपास असते. 20 हजार रुपयांच्या कौटुंबिक पॉलिसीवर तीन हजार रुपये, आणि ग्राहक टिकला तर पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्यावरील 18 टक्के जीएसटी रद्द झाल्याने ग्राहकाला हप्ता हलका वाटतो हे खरे, पण त्यानंतर काही कंपन्यांनी कमिशनलाही कात्री लावली. दुचाकीच्या विम्यावर मात्र घर चालवण्याची आशा ठेवू नये. 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे 75 ते 150 सीसी गाडीचा तृतीय पक्ष विमाच मुळात 714 रुपयांचा, त्यातून मिळणार किती? तरीही तो करावा, कारण गाडीच्या निमित्ताने दरवर्षी त्या घराचा दरवाजा उघडतो.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. मार्च महिन्यात कर वाचवण्यासाठी लोक पॉलिसी घेतात, त्या काळात अधिक व्यवसाय धरावा का? आणि पहिला हप्ता प्रतिनिधीनेच भरावा, अशी मागणी काही परिचित आताच करू लागले आहेत.

पंचगंगा

मार्चवर फार विसंबू नका. नवीन करप्रणालीत 80सी ची वजावट नाही, आणि 2025-26 पासून 12 लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर पगारदाराला करच लागत नसल्याने कर वाचवण्याचे कारण पुष्कळ घरांत संपले आहे. आपल्या भागात त्यापेक्षा उसाच्या बिलाचा काळ महत्त्वाचा आहे. गाळप हंगामात बिल खात्यावर जमा झाल्यावर शेतकऱ्याला वार्षिक हप्ता जड जात नाही. त्यालाच मासिक हप्ता लावला, तर पावसाळ्यात हप्ता थकून पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे बंद पडते, आणि पहिल्या वर्षाची विक्री कागदावर राहून दुसऱ्या वर्षाचे उत्पन्न बुडते. विमा सखीलाही पुढच्या वर्षी विद्यावेतन मिळण्यासाठी आधीच्या वर्षाच्या किमान 65 टक्के पॉलिसी चालू असाव्या लागतात, ते याच कारणाने.

हप्ता स्वतः भरण्याची मागणी स्पष्ट नाकारावी. विमा कायदा 1938 च्या कलम 41 नुसार कमिशनचा कोणताही भाग ग्राहकाला देण्यास मनाई आहे आणि दंड दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. शिवाय असा ग्राहक दुसरा हप्ता क्वचितच भरतो.

नोकरीबाबत सांगायचे तर पतसंस्थेच्या सेवानियमांत परवानगी असल्यास एक पूर्ण वर्ष संध्याकाळी व रविवारी हे काम करा. तेराव्या महिन्यात किती पॉलिसींचे नूतनीकरण झाले ते पाहा, आणि नूतनीकरण व नवे कमिशन मिळून सलग सहा महिने सरासरी पंधरा हजार रुपये हाती आले, तर राजीनाम्याचा विचार करावा. विकास अधिकाऱ्यांना आपल्या पॉलिसींवर स्वतःचा लाभ असतो, त्यामुळे त्यांची घाई त्यांच्या जागी बरोबर आहे; पण ती आपली घाई नव्हे.