मदत हवी आहे: दबावाखालचा क्वार्टरबॅक नेमका कसा जोखायचा?

मंडळी, अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल नियमित बघणारं कुणी आहे का इथे? क्वार्टरबॅकचे (पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूचे) टचडाउन म्हणजे गुण मिळवून देणारे पास आणि इंटरसेप्शन म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास, यांचे आकडे कुठेही मिळतात. 2019 च्या मोसमात एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) क्वार्टरबॅक जो बरोने 60 टचडाउन पास टाकले, इंटरसेप्शन फक्त 6. पण अंगावर दोन-तीन धिप्पाड गडी धावून येत असताना त्याने काय ठरवलं, ते यातून कुठे कळतं?

माझं घोडं सॅकवर अडलंय, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे पाडतात त्यावर. कॉलेजात सॅकमध्ये गेलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्याच्या यार्डांतून वजा होतात, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये संघाच्या पासिंगच्या यार्डांतून. त्यामुळे नुसता आकडा बघून पोरगं धावायला कच्चं वाटतं, प्रत्यक्षात ते चेंडू धरून बसलेलं असतं. किंवा त्याला वाचवणाऱ्या पुढच्या लाइननेच माती खाल्लेली असते. दोष कुणाचा, हे तुम्ही कसं ठरवता?

सध्या मी थर्ड डाउनचे (तिसऱ्या प्रयत्नाचे) प्ले थांबवून थांबवून बघतो. स्नॅपआधी (चेंडू खेळात येण्याआधी) त्याने ब्लिट्झ, म्हणजे जादा बचावपटूंची चाल, हेरला का? पहिला रिसिव्हर (पास झेलणारा) अडवलेला असेल तर नजर दुसऱ्याकडे वळते, की लगेच धूम ठोकतो? चेंडू मैदानाबाहेर फेकून देणं मला तरी शहाणपणाचं वाटतं (मित्रांच्या मते तो भित्रेपणा, असो). पण टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो, लांबचे रिसिव्हर दिसतच नाहीत. मग कोण मोकळा होता हे कळायचं कसं?

दुबळ्या संघांविरुद्धचे सामने तुम्ही हिशेबातून वगळता का? आणि किती सामने बघितल्यावर मत बनवता?