डिसेंबरात लेकरांना घेऊन गावी येतेय, बाहेर कुठं न्यावं?

प्रेषक: लातूरकर ताई
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

चार वर्षांनी गावी निघालोय, सहा आठवड्यांसाठी. माहेर लातूर, सासर छत्रपती संभाजीनगर. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात.

मेलबर्नमध्ये शनिवार उजाडला की ही दोघं सायकली काढतात आणि कोपऱ्यावरच्या पार्कात पळतात. तिथल्या फुकटच्या बार्बेक्यूवर कणसं भाजायची, गवतात लोळायचं, अंधार पडला की घरी. मागच्या खेपेला गावी मात्र सहा आठवडे नुसते चहा-पोहे, सोफा आणि मोबाइल. एका घरातून उठलो की दुसऱ्या घरात. परतताना विमानात लेक म्हणाली, "आई, तुझ्या गावात बाहेर काहीच नाही का?"

ते मला फार लागलं. मी चिंचेखाली आणि बांधावर वाढलेली बाई, आणि तिला कुठं न्यायचं ते मला सांगता येईना. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपा करून सांगा. मॉल नको. देवदर्शनाची यादी घरचे करतीलच.


प्रेषक: जालनेकर
प्रति: सर्व

ताई, लोणारला न्या. उल्का पडून झालेलं विवर, पावणेदोन किलोमीटरांहून थोडं जास्तच व्यासाचं, तेही आपल्याच काळ्या बेसाल्टात. कडेवरून खाली उतरत गेलं की दाट झाडी आणि तळाला खारं पाणी. 2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. तुमच्या मुलीच्या वयाला हे फार आवडेल. लोणार बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात, आपल्या मराठवाड्यात नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण जालन्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, म्हणून आम्ही ते आपलंच धरतो.

आमच्या जालन्यातली मोती बाग आणि शेजारचा मोती तलाव संध्याकाळच्या दोन तासांसाठी पुरेसा आहे.


प्रेषक: अंबडचे काका (सध्या मुक्काम छत्रपती संभाजीनगर)
प्रति: सर्व

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि रात्री झोप लागेना. मी गेली दोन वर्षं वर्षातले सहा महिने इकडंच राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडं कुठं जायचं हे ठरवण्याआधी महिना कोणता आहे ते बघावं लागतं. तिकडं पार्कात नळ सोडला की गवत हिरवं राहतं. इकडं सगळं पावसाच्या पाण्यावर. आपल्या नद्या बारमाही नाहीत आणि खाली काळा पाषाण, त्यामुळं ऑगस्टात जो कडा गर्जत असतो तोच एप्रिलात कोरडा ठणठणीत. ही चूक मी स्वतः केली आहे. नातवंडं मे महिन्यात आली होती. मी हौसेनं त्यांना गौताळ्याच्या जंगलात धबधबा दाखवायला नेलं. दोन तास गाडीत, मग उन्हात पायपीट, आणि कड्याखाली पोचलो तर पाण्याचा थेंब नाही. कातळावर वाळलेल्या शेवाळाचा काळा पट्टा तेवढा होता. धाकटी नात त्या पट्ट्यावरून हात फिरवत म्हणाली, "आजोबा, हे पाणी कुठं गेलं?" खरं तर उत्तर सोपं होतं, मी चुकीच्या महिन्यात तिला आणलं होतं. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी आधी महिना विचारतो.

म्हणून सौताड्याचा धबधबा, नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे, किनवटकडचं पैनगंगेवरचं सहस्रकुंड ही नावं तुला घरचे आवर्जून सांगतील, पण ती ऑगस्ट-सप्टेंबरची. नळदुर्गला डिसेंबरातही जा, हरकत नाही. बोरी नदीला किल्ल्याच्या आत बांध घालून त्या बांधाच्या पोटात पाणी महाल बांधला आहे, तो बघायला पाणी वाहत असायलाच पाहिजे असं नाही. फक्त धबधब्याचं आश्वासन लेकरांना देऊ नकोस.

आता डिसेंबर-जानेवारीचं. हा महिना पाखरांचा. पैठणचं जायकवाडी धरण तुला ठाऊकच आहे. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. त्यामागं पसरलेला नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. पाणी उथळ आणि कडेला गाळ, म्हणून उत्तरेकडून येणारी पाखरं थंडीभर इथं उतरतात. पट्टकादंब नावाचा एक हंस येतो. पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तो हिमालय ओलांडून येतो. तुझ्या मुलांनीही विमानानं केवढा प्रवास केलेला असेल, त्यांना या पाखराची गोष्ट सांग. चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं असतात, आणि नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो.

पण त्यासाठी पहाटे साडेपाचला घर सोडायला हवं. मागच्या जानेवारीत मी काठावर उभा होतो. धुकं इतकं की पाणी कुठं संपतं कळेना. आधी नुसता आवाज, घोगरा, जणू पलीकडं कुणाचं तरी बोलणं चाललंय. मग सूर्य वर आला, धुकं उचललं आणि समोरच्या गाळावर शंभरेक हंस उभे. एकानं मान खाली घालून चिखलात चोच खुपसली, वर काढली तेव्हा चोचीवरून पाण्याचे थेंब ओघळताना दुर्बिणीत दिसले. माझ्याबरोबर शेजारच्यांचा दहा वर्षांचा मुलगा होता, एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारा. तो पाऊण तास हलला नाही. दुर्बीण नक्की आण, भडक रंगाचे कपडे घालू नका, आणि अगदी पाण्याजवळ जाऊ नका. एकदा थवा उठला की सहजी परत तिथं बसत नाही.

पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान मी मुद्दाम शेवटी घेतोय. म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर ते बांधलं होतं, सव्वाशे हेक्टरांच्या आसपास. आमच्या पोरांच्या शाळेच्या सहली तिथंच जायच्या. संध्याकाळी रंगीत कारंजी लागली की पाचशे लेकरांचा एकच गलका व्हायचा. पुढं ती कारंजी थांबली, हिरवळ वाळली. त्या बागेची आठवण आली की आजही माझा जीव तुटतो. तू जाण्याआधी तिथल्या कुणाला तरी विचारून घे, बाग उघडी आहे की नाही. लेकरांच्या आशेवर पाणी पडायला नको.

सासरी असताना लांब जायचीही गरज नाही. हिमायत बागेत सकाळी फिरायला जा. मुघलांच्या काळची बाग, आता तिथं परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. जुनी चिंचेची आणि आंब्याची झाडं आहेत, खाली पाचोळ्यात मोर चालतात. मुलांना म्हणावं, बोलू नका, नुसतं ऐका. गोगाबाबा टेकडी तर तुझा सात वर्षांचाही सहज चढेल. आमचं म्हाताऱ्यांचं टोळकं रोज चढतं. वरून मकबऱ्याचा घुमट दिसतो, मागं लेण्यांचा डोंगर, आणि हवा स्वच्छ असेल तर देवगिरीचं टोक. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात धपाटे घेऊन जा, वर बसून खायची मजा वेगळी.

पाणचक्की सगळे दाखवतात, पण वरवर. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणलं, ते उंचावरून हौदात सोडलं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवलं. हौदाच्या खाली तळघर आहे, त्याचं छत म्हणजेच हौदाचा तळ. त्यामुळं भर उन्हाळ्यातही तिथं गारवा असतो. डोक्यावर पाणी आहे हे सांगितलं की लेकरं वर बघत राहतात.

वेरूळला गेलात तर मंगळवार टाळा, अजिंठ्याला सोमवार, त्या दिवशी बंद असतं. आणि गौताळ्याला डिसेंबरात खुशाल जा. कन्नडजवळ, 260 चौरस किलोमीटरचं अभयारण्य. पानं अजून झडलेली नसतात. 2021 मध्ये विदर्भातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ चालत चालत इथवर आला होता. वाघ दिसावा म्हणून नव्हे, तर आपल्या कोरड्या म्हणून हिणवलेल्या डोंगरात वाघाला मुक्काम करावासा वाटला, हे तुझ्या मुलीला कळावं म्हणून लिहितोय.

काका


प्रेषक: औशाची वहिनी
प्रति: सर्व

काकांनी सगळं लिहिलं, पण ताई लातूरची आहे हे ते विसरले! अगं, तू वेळ अमावस्येच्या हिशोबानं का येत नाहीस? मार्गशीर्षातली अमावस्या, आपली येळवस. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, दुकानं बंद, रस्ते रिकामे, सगळं गणगोत रानात. पाच वर्षांच्या लेकराला जे मैदान लागतं ते सगळं त्या एका दिवसात असतं.

कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पांडवांची पूजा, बिंदग्यातली (मडक्यातली) आंबील, सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ती भज्जी. भज्जीत काय काय पडतं ते मुलांना सोलायला लाव. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वालपापडी, बोरं, चिंच. माझी नात परक्या देशातच वाढलेली. गेल्या वर्षी तिला पहिल्यांदा तुरीची शेंग सोलायला दिली तर ती दाणा डोळ्याजवळ धरून म्हणाली, "आजी, डाळ अशी हिरवी असते?" तिला वाटायचं डाळ पिशवीतूनच येते.

ज्याचं स्वतःचं रान नाही त्यालाही कुणी ना कुणी जेवायला बोलावतंच. जेवून झालं की झोका बांधा चिंचेला, आणि दिवस मावळताना पेटवलेली कडब्याची पेंढी घेऊन रानाभोवती पळायचं. हाताशी मोठं माणूस ठेव, बाकी काही नको.

शिवाय हुरड्याचे दिवस सुरू होतात त्याच सुमारास. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून गरम गरम हातावर चोळायची, खोबऱ्याची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गूळ. तिकडच्या बार्बेक्यूवर वाढलेल्या लेकरांना हे शिकवावं लागणार नाही.


प्रेषक: लातूरकर ताई
प्रति: सर्व

काका, वहिनी, जालनेकर दादा, तुमची पत्रं दोन्ही लेकरांना वाचून दाखवली. पट्टकादंबाचं चित्र लेकीनं वहीत काढून ठेवलंय, डोक्यावरचे दोन पट्टे मोजून. धाकट्याला फक्त पेटलेली पेंढी हवी आहे.

पंचांग बघितलं. आम्ही पोचल्यावर आठ दिवसांनी अमावस्या आहे. आईला लगेच फोन केला. ती म्हणाली, यंदा कोप घालायची नाही असं ठरवलं होतं, पाय दुखतात आणि येणारं कुणी नव्हतं. दहा मिनिटांनी तिचाच उलटा फोन आला, गड्याला कडबा बाजूला ठेवायला सांगितलाय म्हणून.

काका, नाथसागराला पहिल्या रविवारी पहाटे जमेल का? दुर्बीण इथून आणते. धपाटे सासूबाई करतील.