टॉवरच्या घड्याळाचे काटे वाऱ्याने मागेपुढे होत नाहीत का?

भटका_जीव: कामासाठी इंग्लंडात डार्लिंग्टनला आलोय. इथे मार्केट प्लेसमधे मंडईला चिकटूनच १८६४ चा क्लॉक टॉवर आहे, एकदम भारी. शंका अशी की एवढाले काटे उघड्यावर, वारा पाऊस बर्फ सगळं अंगावर, मग वेळ चुकत नाही का? आणि हे बांधलं कोणी?

लंबकराव: चुकायची ना, तीच तर त्या काळातल्या घड्याळवाल्यांची डोकेदुखी होती. आत यंत्र एकच, दोराला टांगलेलं वजन हळूहळू खाली येतं नि चाकं फिरवतं, तिथून दांडे आणि गिअर लावून सगळ्या तबकड्यांचे काटे फिरतात. आता वाऱ्याने काटा रेटला की तो रेटा उलटा चाकांतून लंबकापर्यंत जातो आणि वेळ बिघडते. यावर डेनिसन नावाच्या माणसाने लंडनच्या बिग बेनच्या घड्याळासाठी ग्रॅव्हिटी एस्केपमेंट काढली (एस्केपमेंट म्हणजे चाकांचा जोर लंबकाला देणारा भाग) (पेशाने वकील बरं का, घड्याळजी नव्हे). त्यात चाक लंबकाला थेट ढकलतच नाही, फक्त दोन छोटे हात आळीपाळीने उचलतं, ते हात स्वतःच्या वजनाने पडताना लंबकाला ढकलतात. हाताचं वजन काय बदलत नाही, म्हणून धक्का कायम तेवढाच, बाहेर वादळ का असेना. पुढे बऱ्याच टॉवरांत हीच पद्धत आली. तुझ्या टॉवरात कुठली आहे ते आत जाऊनच बघावं लागेल.

जुनी_पेठ: पैसा जोसेफ पीझचा, त्याने गावाला भेट दिलं. स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेवालं घराणं. आर्किटेक्ट आल्फ्रेड वॉटरहाउस, लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम पण त्याचंच. घंटा वॉर्नर कंपनीच्या, ज्यांनी १८५६ ला पहिली बिग बेन (हे मुळात घंटेचं नाव) ओतली आणि ती चाचणीतच तडकली 😄 आणि तेव्हा रेल्वे ग्रिनिचच्या वेळेने धावायची, पण देशभर एकच वेळ असा कायदा १८८० ला आला. सूर्याप्रमाणे डार्लिंग्टन ग्रिनिचच्या सहाएक मिनिटं मागे. खिशात घड्याळ असणारे थोडेच, मग सगळे जमतात त्या बाजारात घड्याळ लावणं साहजिकच ना.

भटका_जीव: वा, मस्त माहिती! अजून एक, काही जुन्या टॉवरांवर प्रत्येक बाजूला थोडी वेगळी वेळ दिसते, यंत्र एकच असून?

लंबकराव: गिअरमधली ढिलाई. काट्याचं मागचं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) नीट नसेल तर बारा वाजून गेल्यावर मिनिटकाटा स्वतःच्या वजनाने जरा पुढे पडतो, आणि तीसनंतर वर चढताना मागे राहतो. एकच तबकडी कायम चुकीची असेल तर मात्र काटा दांड्यावर घसरलाय, पाना घेऊन वर चढायचं.