रोटरी इंजिनाची देखभाल कोल्हापुरात जमेल का?

प्रश्न : रोटरी इंजिनाची (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या इंजिनाची) जुनी माझदा आरएक्स-८ ही गाडी घेण्याचा विचार आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागात इंजिनाची कामे उत्तम होतात. तरीही घेण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर १ : कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात तयार होणारा दाब. साधा गेज रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा दाखवत नाही, म्हणून खास रोटरीचे उपकरण मिळवावेच. एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या, दाब रोखणाऱ्या पट्ट्या) झिजले, की गरम इंजिन चटकन सुरू होत नाही.

उत्तर २ : सीलच्या वंगणासाठी हे इंजिन मुळातच थोडे ऑइल जाळते, त्यामुळे पेट्रोल भरताना डिपस्टिकने (ऑइलची पातळी मोजणाऱ्या पट्टीने) ऑइल पाहत जावे. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केल्यास प्लग पेट्रोलने भिजतात. गाडी नुसती अंगणात हलवायची असली, तरी इंजिन गरम होऊ द्यावे.

उत्तर ३ : उद्यमनगरात साध्या इंजिनाचा सिलिंडर बोअर करून (आतून घासून) मिळेल, पण क्रोमचा मुलामा असलेले रोटर हाउसिंग (रोटर ज्यात फिरतो ते कवच) तसे दुरुस्त होत नाही. दाब कमी निघाल्यास कृपया ती गाडी घेऊ नये.